नकाशाला पाणी दिसत नाही!

मोबाइलवरचा नकाशा कॉलेजचा रस्ता दाखवतो, चहाची टपरी दाखवतो. पण नदीचं पाणी चढायला लागलं, डोंगर खचायला लागला आणि घरच्यांना घेऊन चालत बाहेर पडायची वेळ आली तर? ती वाट कोरड्या दिवशीच आखून ठेवावी लागते. सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींनी तर नक्कीच!

जानेवारी २०२१. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी. रात्रीची वेळ, अनोळखी भाग, हातात मोबाइलवरचा नकाशा. अकोले तालुक्यात नकाशाने जो रस्ता दाखवला, त्यावरचा पूल पाण्याखाली गेला होता. नकाशात पूल होता, म्हणून गाडी पुढे गेली. गाडीतल्या एकाचा जीव गेला.

नकाशात होता तो रस्ता खोटा नव्हता. पूलही खरा होता. फक्त त्या दिवशी त्याच्यावर पाणी होतं आणि ते नकाशाला माहीत नव्हतं.

आपण सगळेच आता या निळ्या रेषेच्या भरवशावर फिरतो. नवीन शहरात पीजी शोधायचा, परीक्षेचं सेंटर गाठायचं, ट्रेकला जायचं, सगळीकडे ती रेषा पुढे आणि आपण मागे. रोजच्या दिवसांत ती बरोबरच असते. प्रश्न येतो तो वर्षातल्या दोन-चार दिवसांचा. जुलै-ऑगस्टमधले ते दिवस, जेव्हा कोयनेचे दरवाजे किती फूट उचलले आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, एवढ्या दोनच बातम्या घराघरात चालू असतात.

त्या दिवशी तुम्ही घरच्यांना घेऊन कुठून बाहेर पडणार? गाडीने नाही, चालत. ठरलंय?

पुलावरचा आकडा

सांगलीकरांना हे समजावून सांगायची गरज नाही, पण बाहेरून शिकायला आलेल्यांसाठी सांगू. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९चा. त्याच्याजवळ पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात शहर या आकड्यावर झोपतं आणि याच आकड्यावर उठतं.

२००५च्या महापुरात हा आकडा ५३च्या पुढे गेला. त्यानंतर कित्येक घरांत एक वाक्य पक्कं झालं, ‘२००५ला इथपर्यंत आलं होतं, ह्याच्या वर येत नाही.’ भिंतीवर खूण होती, डोळ्यांनी बघितलेलं होतं. मग ऑगस्ट २०१९ उजाडला आणि आकडा ५७ फुटांच्याही वर गेला. जिथे पाणी ‘येतच नाही’ तिथे आलं. २००५च्या खुणेवर विश्वास ठेवून थांबलेली माणसं पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या मजल्यावर, मग गच्चीवर अडकली. दोन वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पुन्हा पन्नाशी ओलांडली.

२०१९च्या त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गाव सोडणाऱ्यांनी भरलेली बोट उलटली. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं हे गाव. बुडालेल्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. डझनाहून जास्त माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, हे नंतर सगळीकडे लिहून आलं. पण त्याच्या आधीचा प्रश्न जास्त टोचणारा आहे. बोटीची गरज पडायच्या आधी, जेव्हा गावाबाहेरचा रस्ता कोरडा होता, तेव्हाच निघता आलं असतं का? कोणाला उद्देशून नाही, स्वतःला विचारायचा प्रश्न आहे हा. कारण घर सोडणं सोपं नसतं. गोठ्यात जनावरं असतात. म्हातारी माणसं ‘मी कुठं येत नाही’ म्हणून बसतात. आणि मुख्य म्हणजे, नेमकं कधी निघायचं हे कोणी आधी ठरवलेलंच नसतं.

रेषा येते कुठून?

आपण ‘चालत’चं चिन्ह दाबतो तेव्हा आत काय होतं? नकाशासाठी रस्ते म्हणजे जोडलेले तुकडे. या चौकापासून त्या चौकापर्यंत एक तुकडा, त्याची लांबी अमुक, लागणारा वेळ तमुक. दोन ठिकाणांमधले सगळ्यात कमी वेळाचे तुकडे निवडून जोडायचे की झाली निळी रेषा. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९मध्ये छापलेली पद्धत आजही या हिशेबाच्या मुळाशी आहे.

या हिशेबात ‘हा तुकडा पाण्याखाली जातो’ असा रकाना मुळातच नाही. कोणी रस्ता बंद असल्याचं कळवलं तर तो वगळला जातो, पण कळवणारा माणूस त्या वेळी तिथे हवा, त्याच्या मोबाइलला रेंज हवी आणि स्वतःची गच्ची सोडून हे करायला त्याला सवड हवी!

आता कम्प्युटरवाली पोरं म्हणतील, त्यात काय, उंची बघायची. गूगल अर्थ प्रोमध्ये रेघ ओढली की त्या वाटेचा चढ-उतार आलेखात दिसतो. उंच असेल तिकडे जायचं. विषय संपला.

नाही संपत. जगभर फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीचा मोठा भाग फेब्रुवारी २०००मध्ये एका अवकाशयानातून रडारने घेतलेला आहे. अकरा दिवसांत जवळपास अख्खी पृथ्वी मोजली, काम अफाटच. पण तिचे चौकोन साधारण तीस मीटरचे आणि उंचीतली चूक काही मीटरची असू शकते. शिवाय रडारला खाली जमीन आहे की घराचा पत्रा की झाडाचा शेंडा, हे दर वेळी कळत नाही. आता सांगलीचा हिशेब करा. २००५ आणि २०१९च्या पुरांत फरक होता साधारण चार फुटांचा, म्हणजे सव्वा मीटरचा. या सव्वा मीटरने हजारो घरं बुडाली. ज्या पट्टीची चूकच काही मीटरची, ती पट्टी तुमची गल्ली पन्नास फुटाला बुडते की पंचावन्नला, हे कसं सांगणार?

हे सांगणारं दुसरं साधन तुमच्याच घरात आहे. आजी. किंवा कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, ज्याच्या दुकानात तीनदा पाणी शिरलंय. किंवा पिठाची गिरणी चालवणारे काका, ज्यांनी मोटर कितव्या फुटाला काढून माडीवर ठेवायची हे पाठ करून ठेवलंय. या लोकांना मीटर कळत नाहीत, पण ‘पुलावर अमुक फूट झालं की आपल्या बोळाच्या तोंडाशी पाणी येतं’ हे अचूक सांगतात.

नकाशाकडे रस्ते आहेत आणि या माणसांकडे पाणी आहे. दोन्ही एका कागदावर आणायचं काम कोण करणार? ज्याला दोन्ही भाषा येतात तो. म्हणजे तुम्ही.

प्रत्येक वाटेला मुदत असते

काम अवघड नाही. एक रविवार पुरतो. ब्राउझरवर गूगलचं ‘माय मॅप्स’ उघडा, नवा नकाशा घ्या. घरावर एक टिंब, जिथे पोचायचं तिथे दुसरं. ‘उंच वाटतं’ एवढ्यावर ठिकाण निवडू नका. २०१९लाही कोरडी राहिलेली जागा हवी. नातेवाइकांचं घर, कॉलेज, मंगल कार्यालय, काहीही. पालिकेचा किंवा तहसीलचा निवारा कुठे असतो, हेही आधी विचारून ठेवा.

मग दोन्हींच्या मध्ये स्वतःच्या हाताने वाट ओढा. निळ्या रेषेची नक्कल करू नका. आणि या वाटेवर जिथे जिथे पाणी आडवं येऊ शकतं, तिथे लाल टिंब द्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पूर नेहमी नदीच्या बाजूनेच येईल असं नाही. सांगलीत पाणी अनेकदा नाल्यांमधून उलटं आत शिरतं. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीच नाल्यात येते. म्हणून तुम्ही नदीकडे पाठ करून, अगदी शहाण्यासारखे, उलट दिशेला निघालात तरी वाटेतला नाला तुमच्या आधी भरलेला असू शकतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी आधी येतं, हे दर वर्षीच्या बातम्यांत असतं. २०१९ला तर स्टेशन चौकापर्यंत पाणी होतं. गावभागातून विश्रामबागेकडे निघणाऱ्याची नेहमीची वाट याच बाजूने जाते.

सांगलीवाडीचं उदाहरण बघा. पूल ओलांडला की सांगली, एवढं जवळ. पण पाणी खूप चढलं की पूल बंद होतो, मागचे रस्ते पाण्याखाली जातात आणि सांगलीवाडीचं बेट होतं. म्हणजे तिथल्या माणसाची सगळ्यात जवळची वाट आकडा वाढला की वाटच राहत नाही. नकाशात ती तशीच दिसत राहते, पंधरा-वीस मिनिटं चालत.

म्हणून प्रत्येक लाल टिंबासमोर एक आकडा लिहा. पुलावर किती फूट झालं की इथे पाणी येतं? हा आकडा विचारून घ्यायचा. एकाला नाही, तिघांना. तिघांचे तीन आकडे आले तर सगळ्यात लहान धरायचा. त्यातून आणखी दोन फूट वजा करायचे. जे उरलं ती त्या वाटेची मुदत.

दोन फूट कशाला? समजा पाणी तासाला तीन इंचांनी चढतंय. दोन फूट म्हणजे चोवीस इंच, म्हणजे हातात आठ तास. तेच तासाला सहा इंचांनी चढत असेल तर चार तास. त्यातले दोन आवराआवरीत जातात. कागदपत्रं, औषधं, चार्जर, गॅस बंद, मेन स्विच बंद, शेजारच्या काकूंना हाक. आणि हे सगळं रात्री दोन वाजता चालू असू शकतं, लाइट गेलेली असताना.

एकच वाट आखून थांबू नका. दुसरी वाट हवीच, लांबची असली तरी, पण मुदत जास्त असलेली. पहिली हिरव्या रंगात, दुसरी पिवळ्या. दोन्हींची मुदत टळली असेल तर चालत निघायचंच नाही. वरचा मजला, गच्ची, पांढरं फडकं, टॉर्च आणि ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. कारण वाहतं पाणी घोट्याच्या जरा वर, सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. त्यात गटाराचं झाकण उघडं, डीपीची वायर पाण्यात, आणि पाणी गढूळ. पाय कुठे पडतोय हेच दिसत नाही.

रेंज गेल्यावर काय?

इथे बरेच जण फसतात. ‘माझ्याकडे ऑफलाइन मॅप डाउनलोड आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे वाचाच. गूगल मॅप्सचा भाग डाउनलोड करून ठेवता येतो, पण नेट नसताना तो गाडीचा रस्ता दाखवतो, चालण्याचा दाखवत नाही. आणि महापुरात आपल्याला नेमकं चालायचंच असतं.

ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही अ‍ॅप्स त्यासाठी बघा. ती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतात, महाराष्ट्राचा नकाशा आधी उतरवून घेता येतो आणि नेट नसतानाही चालण्याची वाट मिळते. माय मॅप्समध्ये ओढलेली वाट फाइल म्हणून बाहेर काढून या अ‍ॅपमध्ये टाकता येते. जीपीएसला नेट लागत नाही, ते थेट उपग्रहांवर चालतं. म्हणजे टॉवर बंद पडला तरी ‘मी कुठे आहे’ हे टिंब आणि तुमची हिरवी वाट, दोन्ही स्क्रीनवर राहतात. जवळच्यांना ठिकाण कळवायचं असेल तर अक्षांश-रेखांशाचे आकडे साध्या एसएमएसने पाठवा. रेंज जेमतेम असली तरी एसएमएस जाण्याची शक्यता जास्त असते.

आणि तरीही, छापून ठेवा. एका कागदावर, मोठ्या अक्षरात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दाराच्या मागे. कारण त्या दिवशी तुम्ही घरी असालच असं नाही. तुम्ही पुण्यात कॉलेजला असाल आणि घरी आई-बाबा, आजी असतील. वाट घरात राहणाऱ्याला कळली पाहिजे, आखणाऱ्याला नाही.

डोंगराची गोष्ट वेगळी

आता साताऱ्याकडे येऊ. सांगलीला येणारं पाणी वरूनच येतं. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली कृष्णा वाई-साताऱ्याच्या बाजूने खाली येते, कोयना पाटणवरून येते, दोघी कराडच्या प्रीतिसंगमावर भेटतात आणि पुढे सांगलीत शिरतात. सांगलीच्या पोराला पाटणच्या वर्गमित्राचा ‘इकडं धुवाधार आहे’ असा मेसेज आला तर तो नुसत्या गप्पा म्हणून सोडून देऊ नये. ती काही तासांनी आपल्याकडे येणारी बातमी असते.

पण पाटण, वाई, जावळीच्या वाड्यांना पुराचा असा अवधी मिळत नाही. २२ जुलै २०२१च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. घरं आतल्या माणसांसकट गाडली गेली. रस्ते तुटल्यामुळे बचाव पथकांना तिथवर पोचायलाच वेळ लागला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातलं तळीये गेलं. त्याआधी २०१४मध्ये माळीण, त्यानंतर २०२३मध्ये इर्शाळवाडी.

इथे फुटांचा आकडा नसतो, म्हणून मुदत वेगळ्या खुणांवर ठरवायची. जमिनीला किंवा घराच्या भिंतीला नवी भेग. खांब, झाड, कुंपण कललेलं. झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं, किंवा भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी होणं, कारण वर कुठेतरी माती अडली असू शकते. यातलं काहीही दिसलं की निघायचं आणि दिवसाउजेडी निघायचं. रात्रभर बघू, सकाळी ठरवू, असं म्हणायचं नाही. माळीण सोडलं तर वरच्यातल्या बहुतेक ठिकाणी घात अंधारातच झाला.

वाट कुठली? सांगलीचा ‘उंचावर जा’ हा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. घरामागच्या चढाने वर पळालात तर सुटणाऱ्या डोंगराच्या तोंडातच जाल. माती आणि दगड सहसा ओढ्याच्या, घळीच्या वाटेने खाली येतात आणि तिच्या तोंडाशी पसरतात. म्हणून वाट ओढ्यापासून बाजूला, आडवी काढायची. तीव्र उताराच्या पायथ्यापासून लांब, रुंद आणि सपाट जागेकडे.

आणि इथे मात्र नकाशा खरोखर कामाला येतो. सांगलीतला सव्वा मीटर त्याला दिसत नाही, पण शंभर मीटरचा कडा चांगला दिसतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा असतात, दर वीस मीटर उंचीला एक. रेषा एकमेकींना चिकटलेल्या म्हणजे उतार तीव्र, लांब लांब म्हणजे सपाटी. या रेषा जिथे डोंगराच्या आत वळून टोकदार होतात तिथे घळ किंवा ओढा. एकदा हे वाचता आलं की वाडीच्या डोक्यावर काय आहे ते कागदावर दिसतं. ओपनटोपोमॅपवरही असा नकाशा मोबाइलमध्ये बघता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर कुठला भाग दरडींना किती बळी पडू शकतो याचे नकाशे आहेत, तेही एकदा पडताळून बघा.

मात्र इथेही नकाशाला न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. फरशी पूल आहे, पण जुलैमध्ये त्याच्यावरून पाणी जातं. साकव आहे, पण गेल्या वर्षी अर्धा वाहून गेला. पायवाट आहे, पण पावसात ती स्वतःच ओढा होते. हे गुराख्याला माहीत असतं, दूध घालायला खाली येणाऱ्याला माहीत असतं, शाळेला चालत जाणाऱ्या बारक्या पोरांना तर सगळ्यात जास्त माहीत असतं. त्यांना विचारा.

मोबाइलची पन्नास मिनिटं, आजीचे दोन तास

समजा वाट चार किलोमीटरची आहे. मोबाइल सांगेल, साधारण पन्नास मिनिटं. हा वेळ सपाट, कोरड्या रस्त्यावर रिकाम्या हाताने चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. गुडघे दुखणारी आजी, कडेवर भाचा, पाठीवर पिशवी आणि वरून पाऊस, असं धरलं तर ताशी दोन किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. चार किलोमीटरला दोन तास. बसत-उठत अडीच.

डोंगरात आणखी एक हिशेब लागतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये एक साधा नियम मांडला, ट्रेकवाले आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा तरण्याताठ्या गड्याचा वेळ. घरातल्या माणसांसाठी त्याच्या दुप्पट धरा.

हा वेळ अंदाजाने लिहू नका. एखाद्या रविवारी खरंच चालून बघा. मोबाइलवर घड्याळ लावा आणि आजीला किंवा आजोबांना सोबत घ्या. वाटेत कळेल की अमुक ठिकाणी पायऱ्या आहेत आणि आजीला चढवत नाहीत. तमुक बोळाला रात्री कुलूपबंद गेट असतं. या कोपऱ्यावर बसायला कट्टा आहे. जनावरं असतील तर ती या अरुंद वाटेने जाणारच नाहीत, त्यांना वेगळा रस्ता आणि बराच आधीचा वेळ लागेल. निळ्या रेषेत यातलं काही नसतं. हे सगळं पायांना कळतं.

नकाशात तुमची वाडी आहे का?

शेवटचं काम फक्त घरापुरतं नाही. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानीचा धड नकाशाही उपलब्ध नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं बघत ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते, घरं, छावण्या भरल्या आणि बचाव पथकांनी तो नकाशा वापरला. ती माणसं घरी बसूनच काम करत होती. बरीचशी तुमच्याआमच्यासारखीच.

आपल्याकडे पाटण-जावळीतल्या किती वाड्यांची नावं, पायवाटा, साकव नकाशात आहेत? एकदा उघडून बघा. नसतील तर खातं काढा आणि भरा, फुकट आहे. एनएसएसच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर एक दिवस हेही करता येईल. चार जण मोबाइलवर वाटा नोंदवतील, चार जण घरोघरी जाऊन ‘तुमच्याकडं पाणी कुठवर आलं होतं?’ विचारतील. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळकडच्या पोरांना तर शिबिराला लांब जायचीही गरज नाही. फक्त ज्या वाटेची खात्री नाही ती भरायची नाही. चुकीची पायवाट नकाशात टाकणं हे न टाकण्यापेक्षा वाईट. अकोल्याची गाडी आठवा.

चौकट: या रविवारी एवढं करा

• पोचायचं ठिकाण ठरवा. २०१९लाही कोरडं राहिलेलं हवं. डोंगरात असाल तर ओढा आणि तीव्र उतार यांपासून लांब.

• दोन वाटा ओढा. पाणी आडवं येईल तिथे लाल टिंब द्या.

• प्रत्येक टिंबाचा आकडा तिघा जुन्या माणसांना विचारा, सगळ्यात लहान धरा, दोन फूट वजा करा.

• निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर बघा. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे पुढची नव्व्याण्णव वर्षं निवांत, असा अर्थ होत नाही.

• चालण्याची वाट देणारा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. विमान मोड लावून तो खरंच चालतो का ते तपासा.

• केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच’ आणि इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही अ‍ॅप्स घ्या.

• चालून बघा. लागलेला वेळ कागदावर लिहा. कागद दाराच्या मागे.

आणि मग?

मग बहुतेक काहीच होणार नाही. पावसाळा येईल, आकडा ३५वर जाईल, सगळे पुलावर पाणी बघायला गर्दी करतील, फोटो टाकतील, आकडा उतरेल. दारामागचा कागद पिवळा पडेल. आई म्हणेल, काढून टाक तो आता.

काढू नका. दर मे महिन्यात एकदा खाली घ्या, लाल टिंबं तपासा. नवा नाला बुजवला असेल, नवी भिंत झाली असेल, भर घातलेल्या प्लॉटमुळे पाणी आता दुसरीकडून येत असेल. आकडे बदला, कागद परत लावा.

आणि ज्या वर्षी आकडा चढत राहील, त्या वर्षी घरात वाद होईल, ‘एवढ्यात कशाला निघायचं? बघू अजून.’ आजी म्हणेल, २००५ला नव्हतं आलं. बाबा म्हणतील, सकाळी बघू. तेव्हा आवाज चढवायची गरज नाही. दाराकडे बोट दाखवायचं. तिथे सगळ्यांनी मिळून, कोरड्या दिवशी, शांत डोक्याने लिहिलेला आकडा असेल. त्यातले निम्मे आकडे आजीनेच सांगितलेले असतील.

पिशवी उचलायची आणि निघायचं.